सुटणार, पोचणार, शेरा

गणेशपेठ डेपोत एकतीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या.
म्हणून हे काम माझ्याकडे आलं:
पाच माणसं अमरकंटकला पोचवायची.
तिथून पुढे त्यांचे पाय आणि नर्मदा.
तिथपर्यंत मात्र मी.

गोळीबार चौकातल्या आमच्या ओसरीवर बसून
जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूला
रेघा मारल्या. सुटणार. पोचणार. शेरा.

पहिला बेत जबलपूरचा. रात्रीची बस, सिवनीमार्गे,
पहाटे तिलवाराघाटच्या पुलावरून शहरात.
कौतिकाबाई निमजे पानाला चुना लावता लावता थांबल्या.
"म्हंजे पुलावरून मायले ओलांडून जाचं?"
संकल्पाआधी चालते, म्हटलं. नियम त्यानंतरचा.
"तो तुमच्या यष्टीचा नियम असन. मी नाही ओलांडत बाप्पा."
जबलपूर खोडलं.

धकाते मास्तर म्हणाले, सुमो करू सरळ,
भाच्याच्या साडूची आहे, डिझेल तेवढं आपलं.
पाच माणसं, पाच वळकट्या, पाच कमंडलू,
शिवाय भाचा, शिवाय साडू,
साडूची बायको आणि तिची आई, नुसत्या दर्शनाला.
मोजणी अकरावर गेली
तेव्हा सुमो आम्हाला न घेताच सुटली.

उरली इतवारीची रात्रीची गाडी.
बिलासपूरला उजाडेल. तिथं फलाट बदलायचा,
म्हणजे जिना.
अडीच-तीन हजार किलोमीटर चालायला निघालेल्या कौतिकाबाई
जिना म्हटल्यावर गुडघे चोळू लागल्या.
मग पेंड्रारोड, मग घाटातली जीप.
जीपवाल्या मरावीला फोन लावला. नक्की किती वाजता याल?
"आप आ जाइए बाबूजी, मैया देख लेगी."
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मैया.
खोडलं. पुन्हा विचारलं. अकरा ते दोनच्या मध्ये, म्हणाला.
अशा वेळेवर आमच्याकडे मेमो मिळायचा.

नातू मोबाइलवर तिकिटं काढत होता.
"आजोबा, येतानाची?"
ओसरीवर कोणी बोललं नाही.
सुगंधा तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली, "ते पायायले विचार."

पाच नावं भरली. तिचं तिसरं.
वय बासष्ट, स्त्री, खालचा बर्थ.
सहावं नव्हतंच. माझ्या मांडीत सळई आहे,
डॉक्टर म्हणतो, बर्डीपर्यंत चालत गेलात तर पेढे आणा.
जाऊ का, असं तिनं विचारलं नव्हतं.
का जातेस, असं मीही नाही.
एकतीस वर्षं पहाटे चारला उठून तिनं डबा भरला,
आणि मी, अख्ख्या डेपोच्या वेळा तोंडपाठ असलेला,
घरी किती वाजता येईन
ते एकदाही सांगून गेलो नाही.

कार्तिक पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस.
सगळं आखलं होतं, फक्त
घर ते इतवारी हा टप्पा सोडून.
मस्कासाथजवळ वरात. बँड, जनरेटर, नाचणारे मामे.
ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू काढली.
उतरलो.
मास्तरांनी वळकटी डोक्यावर घेतली,
कौतिकाबाईंनी नवरदेवावरून बोटं मोडली,
सुगंधानं माझा हात धरला नाही,
पण माझ्या चालीनं चालली.
अर्धा किलोमीटर असेल. जरा जास्तच.
तेवढं मी चाललो.

खिडकीतून म्हणाली, "तुरीची डाळ वरच्या फळीवर आहे.
खालच्या डब्यात पाहत बसाल."
आणखी काही म्हणाली असेल, भोंगा झाला.

गाडी सोळा मिनिटं उशिरा सुटली.
सवयीनं घड्याळ पाहिलं, लिहून घेतलं.
पुढच्या रकान्यावर पेन टेकलं
आणि टेकूनच राहिलं, शाई पसरेपर्यंत.

बाहेर ऑटोवाले हाका मारत होते.
काका, कुठं जाचं?
मी कागदाची घडी करत होतो.